हरकत नाही

काही माणसांच्या तोंडात एखादा शब्द असा बसलेला असतो, की तो बाहेर पडताना त्यांना स्वतःलाही ऐकू येत नाही. निळीआत्याच्या तोंडात ‘हरकत नाही’ बसलं होतं. कापड न्यायला उशीर होईल, हरकत नाही. दोघं सांगून चौघं जेवायला आले, हरकत नाही. तिचा भाऊ आणि भावजय एकाच साथीत पाठोपाठ गेले, आणि जमलेले नातेवाईक एकमेकांच्या तोंडाकडे बघत म्हणाले, की या पोरीचं आता कोण करणार, तेव्हा ती नुकतीच रंगाच्या पिंपावरून उठून आली होती. कोपरापर्यंत निळे हात फडक्याला पुसत ती म्हणाली, “हरकत नाही. माझ्याकडे राहू दे.” तिचं स्वतःचं लग्नाचं वय तेव्हा उलटत आलं होतं. ते मग उलटूनच गेलं आणि त्यावरही तिने कधी काही म्हटलं नाही.

ती पोर म्हणजे या गोष्टीतली भाची. आज ती खाली शहरात, जलखात्याच्या कार्यालयात स्टेनो आहे. कुणी कितीही भरभर बोललं तरी तिची पेन्सिल मागे राहत नाही. खात्यात तिच्या हाताचं कौतुक आहे आणि तिला ते ठाऊक आहे.

आत्या रंगारीण. रंग एकच, नीळ. शहरापासून वर चढत गेलं की डोंगराच्या कुशीत तिचं घर, घरापुढे फरसबंद अंगण, अंगणात जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेली पिंपं आणि अंगणाच्या कडेने वाहणारा ओढा. पिंपातली नीळ जिवंत असते असं आत्या म्हणायची, आणि ते काही कौतुकाने म्हणायची नाही. गुरांना चारा घालावा तसा तिला रोज संध्याकाळी कोंडा आणि चुना घालावा लागतो, हळूच ढवळून झाकण घालून उबेला ठेवावं लागतं. एक दिवस चुकलं की पिंप आंबट होतं, आणि एकदा का ते बसलं, म्हणजे त्यातली नीळ मेली, की पुन्हा उठवताना नाकीनऊ येतात. कापड आत बुडवून काढलं की आधी हिरवट दिसतं, मग वारा लागतो तसं बघताबघता निळं होत जातं. त्यानंतर ते वाहत्या पाण्यात धुवायचं. ओढ्याचं पाणी हलकं, त्यात नीळ एकसारखी बसते. विहिरीच्या जड पाण्यात धुतलं तर कापडावर ढग उठतात आणि गिऱ्हाईक नाक मुरडतं.

थोडक्यात, ओढा होता म्हणून आत्या होती. लहानपणी भाचीला वाटायचं की सगळ्यांच्याच आत्यांचे हात निळे असतात.

आता कायद्याकडे येऊ. कायदा वाईट नव्हता हे आधीच सांगितलेलं बरं, कारण गोष्टीत कायदा आला की ऐकणारा लगेच बाह्या सरसावतो. पूर्वी खात्याला वाटेल तिथलं पाणी वाटेल तिथे नेता यायचं. नकाशावर रेघ ओढली की झालं. त्यापायी खोरीच्या खोरी कोरडी पडली, लोक रस्त्यावर आले, आणि पुष्कळ भांडणांनंतर पाणलोटाचा नवा कायदा झाला. एका खोऱ्यातलं पाणी दुसरीकडे न्यायचं असेल, तर त्या पाण्यावर ज्याचं ज्याचं काम चालतं त्या प्रत्येकाचं म्हणणं आधी समोर बसवून ऐकलं पाहिजे. सगळ्यांची संमती असेल तर हुकूम सरळ निघतो. एकानेही हरकत घेतली, तर अधिकाऱ्याने जागेवर जाऊन बघायचं आणि हरकत मानली किंवा नाही मानली तरी त्याची कारणं लिहून द्यायची. एवढा साधा कायदा.

शहराला आत्याच्या ओढ्याचं पाणी हवं होतं. यातही कुणी खलनायक नव्हता. शहराची तळी आटली होती. भाची ज्या घरात वरच्या मजल्यावर एका खोलीत राहायची, तिथे नळाला आठवड्यातून दोनदा पाणी यायचं, आणि ते येण्याआधी नळ घशात काही अडकल्यासारखा खोकायचा. घरमालकीण गुडघे धरून बादल्या जिन्याने वर न्यायची. भाचीने मदतीला हात पुढे केला की म्हणायची, “तू ऑफिसला जा बाई, आणि ती पाइपलाइन तेवढी लवकर आण.” जशी काही भाची ती पिशवीत घालून आणणार होती. पण सगळ्या वस्तीचा जीव त्या पाइपलाइनवर टांगलेला होता आणि भाचीचाही होता. डोक्यावरून पूर्ण आंघोळ करून तिला महिने झाले होते.

सुनावणीचा दिवस ठरला. भाची आधीच साहेबांकडे गेली. सुनावणी घेणारे साहेब उतारवयाचे, मृदू बोलणारे, समोर कुणी म्हातारं माणूस आलं की खुर्चीतून अर्धे उठणारे.

“सर, त्या खोऱ्यातली रंगारीण माझी आत्या आहे. दुसरं कुणी लिहायला बसवलंत तर बरं.”

“दुसरा स्टेनो प्रशिक्षणाला गेलाय,” साहेब म्हणाले. “आणि तुला ठरवायचं थोडंच आहे? तुला लिहायचंय. जे बोललं जाईल ते.”

लिहिण्याचीही खात्यात एक रीत होती. मागे एका अधिकाऱ्याच्या सुनावणीचं कामकाज वरच्या न्यायालयात गेलं, तेव्हा त्यात ‘या, बसा’, ‘पंखा लावू का’, ‘पाणी घेता का’ हेच पानोपानी सापडलं आणि न्यायाधीशांनी भर कोर्टात त्याची फिरकी घेतली. तेव्हापासून हेडक्लार्कने दंडक घातला होता: साहेबांची विचारपूस लिहायची नाही. लोक काय म्हणाले तेवढं घ्यायचं. आणि लघुलिपीत काही वाक्यांना एकच खूण असते, कारण ती उठता बसता लागतात. ‘हरकत नाही’ हे त्यातलं पहिलं. एक आडवी रेघ, शेवटी जरा खाली वळलेली. हे खातं त्या एका रेघेवर चालतं, असं स्टेनो लोक गमतीने म्हणायचे.

सुनावणीच्या दिवशी सभागृह माणसांनी फुलून गेलं. शहरातल्या बायका रिकाम्या घागरी घेऊनच आल्या होत्या. खोऱ्यातून बोलावलेले थोडेच. खोऱ्याच्या वरच्या अंगाला रोपवाटिका होत्या, त्यांची सोय पलीकडच्या ओढ्यावर झाली होती, ते निवांत बसले होते. आत्या पहिल्या रांगेत, धुतलेले कपडे घालून, निळे हात मांडीवर ठेवून बसली होती. भाचीकडे बघून ती हसली. पोरगी साहेबांच्या बाजूला बसून लिहिते आहे याचा तिला अभिमान वाटत होता, आणि तिने तो लपवला नाही.

नाव पुकारलं गेलं. आत्या उभी राहिली. साहेब खुर्चीतून अर्धे उठले.

“आत्या, तुम्ही बसा. रोपवाटिकावाल्यांना लांब जायचंय, त्यांना आधी घेतो. तुम्हाला सगळ्यात शेवटी घेतलं तर चालेल?”

“हरकत नाही,” आत्या म्हणाली आणि बसली.

भाचीच्या पेन्सिलीने रेघ ओढली. आत्याच्या नावापुढे, आडवी, शेवटी खाली वळलेली. त्या क्षणी तिच्या मनात काहीही आलं नाही.

मग रोपवाटिकावाले बोलले, मग शहरातले, मग कुणी घागर टेबलावर आपटली, मग साहेबांनी सगळ्यांना शांत केलं आणि पुन्हा तेच. उन्हं उतरायला लागली. आत्या दाराकडे बघू लागली. तिची पिंपं उघडी नव्हती, पण उपाशी होती. शेवटी ती उठली, गर्दीतून भाचीजवळ आली आणि खाली वाकून म्हणाली, “पिंपांना घालायची वेळ झाली गं. उद्या पण आहे ना हे?” भाचीने लिहिता लिहिता मान हलवली. सुनावणी दोन दिवसांची होती, फलकावर तसं लिहिलंच होतं.

दुसऱ्या दिवशी साहेबांना मुख्यालयात बोलावणं आलं आणि सुनावणी भरलीच नाही. जेवढं ऐकलं तेवढ्यावर हेडक्लार्कने सुनावणी पूर्ण झाल्याचं टिपण केलं, साहेबांनी प्रवासात त्यावर सही केली, आणि भाचीने आपली लघुलिपी उलगडून टाइप केली. स्टेनोची एक सवय असते. ती अर्थ वाचत नाही, खुणा वाचते. अर्थ वाचायला लागलं तर हात अडतो. आत्याचं नाव आलं, पुढे रेघ होती, तिने ‘हरकत नाही’ टाइप केलं आणि पुढच्या ओळीवर गेली.

हुकूम निघाला. खोऱ्यातील सर्व पाणी वापरणाऱ्यांची संमती असल्याने, वगैरे. त्याची एक प्रत आत्याच्या दाराला चिकटवली गेली.

आत्या शहरात आली ती सुट्टीच्या दिवशी, सकाळीच. जिना चढून धापा टाकत खोलीत आली, खाटेवर बसली आणि तो कागद भाचीपुढे धरला. चिकटवल्याचा डिंक त्याला तसाच होता.

“यात लिहिलंय, मी हो म्हटलं. मी कधी हो म्हटलं गं?”

भाचीने कागद वाचला. मग तिने कपाटातून सुनावणीची वही काढली. खरंतर काढायची गरज नव्हती, पानाच्या कितव्या ओळीत ती रेघ आहे हे तिला न बघताही दिसत होतं.

“आत्या,” ती म्हणाली, “साहेबांनी विचारलं होतं, शेवटी घेतलं तर चालेल का.”

“हो.”

“तू म्हणालीस, हरकत नाही.”

आत्या बराच वेळ त्या रेघेकडे बघत राहिली. तिला लघुलिपी येत नव्हती, पण पाहुण्याने घरातली वस्तू उचलून हातात धरावी आणि आपण ती ओळखावी, तशी ती बघत होती.

“म्हटलं होतं खरं,” ती म्हणाली. “पण ते बसण्यासाठी म्हटलं होतं.”

ती रागावली असती, चार शब्द सुनावले असते, तर भाचीला बरं वाटलं असतं. खाली नळ खोकायला लागला, घरमालकिणीने बादल्या सरकवल्याचा आवाज आला. आत्या उठली आणि म्हणाली, “जाते. पिंपं आहेत.” भाची म्हणाली, “चहा तरी घेऊन जा.” आत्याचं तोंड उघडलं आणि मिटलं. “नको,” ती म्हणाली. भाचीने त्या दिवशी लक्षात घेतलं नाही, पण त्यानंतर सवयीचं ते ‘हरकत नाही’ आत्याच्या तोंडून गेलं ते गेलंच.

सोमवारी भाची हेडक्लार्ककडे गेली. हेडक्लार्क वाईट माणूस नव्हता. तीस माणसांची कामं तो एकटा रेटायचा आणि त्याच्या टेबलावरून काही परत यायला लागलं की त्याच्या अंगावर काटा यायचा.

“तू चुकीचं लिहिलंस का?” त्याने विचारलं.

“नाही.”

“ती ते बोलली का?”

“बोलली. पण दुसऱ्या प्रश्नाला.”

“प्रश्न लिहायचा नाही हा दंडक आहे. म्हणजे तू बरोबर, ती बरोबर, मी बरोबर. मग चुकलं कोण?” तो खरंच विचारत होता. मग आवाज खाली आणून म्हणाला, “हे बघ. तू लेखी जबाब दिलास की सगळी सुनावणी रद्द. पुन्हा नोटिसा, पुन्हा तारखा. उन्हाळा तोंडावर आहे. तू राहतेस तिथे पाणी कधी येतं?”

“आठवड्यातून दोनदा.”

“आमच्याकडे एकदा,” तो म्हणाला आणि खाली मान घालून कामाला लागला.

भाची जागेवर येऊन बसली. दुपारभर तिने काही टाइप केलं नाही. घरमालकिणीचे गुडघे तिला दिसत होते. टेबलावर आपटलेली घागर दिसत होती. त्या बायका खोटं बोलत नव्हत्या. आणि खरी बोच आणखी खाली होती. आपण ती ओळ टाइप करताना काहीच कसं वाटलं नाही, हे ती स्वतःला पुन्हा पुन्हा विचारत होती. लहानपणापासून ऐकलेला शब्द, आत्याच्याच नावापुढे, आणि हात अडला नाही. सवय म्हणायची, की आपल्यालाही पाइपलाइन हवी होती म्हणून डोळा चुकला? याचं उत्तर तिला तेव्हाही मिळालं नाही आणि पुढेही नाही. पण एक गोष्ट स्पष्ट होती. पाणी न्यायचं की नाही हे ठरवणं तिचं काम नव्हतं. आत्याने ते दिलं, असं लिहिणं मात्र तिच्या हातून झालं होतं.

संध्याकाळी कार्यालय सुटताना ती साहेबांच्या खोलीत गेली आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं.

साहेबांनी चष्मा काढला. “मी विचारलं होतं,” ते म्हणाले. “शेवटी घेतलं तर चालेल का. मला आठवतंय. त्या बसल्या तेव्हा त्यांनी हात मांडीवर कसे ठेवले होते तेही आठवतंय.” त्यांनी चष्मा टेबलावर ठेवला. “आणि सही करताना मी ते वाचलं नाही. गाडीत होतो.”

“मी लेखी देते, सर.”

“दे. मीही देतो. पण एक ऐकून ठेव. सगळं पुन्हा ऐकलं तरी निकाल तोच लागू शकतो. बहुधा तोच लागेल. मग शहर तुझ्यावर चिडेल आणि आत्याचंही काही वाचणार नाही.”

“माहीत आहे,” भाची म्हणाली.

शहर चिडलंच. बातमी फुटायला वेळ लागला नाही. घरमालकिणीने तिच्याशी बोलणं टाकलं. बादल्या मात्र एकटीच वर नेत राहिली, आणि भाचीने हात पुढे केला की भाची बाजूला होऊन वाट देईपर्यंत जिन्यातच उभी राहायची. कार्यालयात लोक तिच्यासमोर मुद्दाम म्हणायचे, ‘हळू बोला, लिहून घेतील’. तिने सगळं ऐकून घेतलं.

या वेळी साहेब स्वतः वर गेले. कायद्यात जागेवर जाऊन ऐकण्याची तरतूद होती, पण कायदा झाल्यापासून कुणी चढ चढून ती वापरल्याचं ऐकिवात नव्हतं. अंगणात आत्याने पाट मांडला. साहेबांनी पिंपांची झाकणं उघडून बघितली, वरची तांबूस साय बघितली, ओढ्याच्या काठी जाऊन पाण्यात हात घातला. मग मांडीवर फळी घेऊन स्वतःच लिहायला बसले. भाचीने जबाब दिला असल्याने तिला लिहिता येत नव्हतं. ती उंबऱ्यावर बसली. वही-पेन्सिल नसल्यामुळे हात कुठे ठेवावेत ते तिला समजेना.

साहेब प्रत्येक प्रश्न आधी लिहीत, मग वाचून दाखवत, मग उत्तराची वाट बघत. सावकाश चाललं होतं. विचारपूससुद्धा त्यांनी लिहिली.

“या ओढ्याचं पाणी शहराला नेण्यास तुमची हरकत आहे का?”

“थोडं माझ्यासाठी सोडता नाही येणार?” आत्याने विचारलं.

“इंजिनियरांना विचारलं. उन्हाळ्यात ओढाच करंगळीएवढा असतो. पावसाळ्यात वरचं पाणी इकडून वाहील.”

“पावसाळ्यात कापड वाळत नाही,” आत्या म्हणाली. मग खाली शहराच्या दिशेला बघत म्हणाली, “मी गेले होते पोरीकडे तेव्हा बघितलं. ती मालकीण गुडघ्याने कशी चढते ते. त्या माणसांना पाणी मिळावं याला माझी हरकत नाही. माझा ओढा न्यावा याला आहे. असं दोन्ही लिहिता येतं का?”

साहेबांची लेखणी थांबली. “आहे किंवा नाही, असं एकच लिहिता येतं.”

“एकच?”

“हो.”

ओढ्याचा आवाज येत होता. आत्याने आपले हात उलटसुलट करून बघितले. “पाण्यावर पाणी सोडायची वेळ आली माझ्यावर,” ती म्हणाली, आणि आपल्याच बोलण्याला जराशी हसली. साहेब हसले नाहीत. मग ती सरळ बसली.

“आहे. हरकत आहे लिहा.”

साहेबांनी लिहिलं आणि वाचून दाखवलं. आत्याने ते नीट ऐकलं. आयुष्यात पहिल्यांदाच तिने कुणाला ते म्हटलं होतं, आणि भाचीला उंबऱ्यावर रडू आवरेना.

निकाल यायचा तोच आला. सात पानांचा होता. ओढ्यात हात घातल्याचंही त्यात होतं, पिंपांचंही होतं, हलक्या पाण्याचंही होतं. सगळं पटल्यासारखं लिहून शेवटी म्हटलं होतं, की शहराची गरज मोठी असल्याने रंगारी बाईंची हरकत नोंदवून घेण्यात येत आहे व फेटाळण्यात येत आहे. भाची तो घेऊन स्वतः वर गेली. दाराला चिकटवू नका असं तिने शिपायाला सांगितलं होतं.

आत्याने तो तिच्याकडून वाचून घेतला. शेवटचं वाक्य दोनदा वाचायला लावलं.

“फेटाळली,” ती म्हणाली.

“हो, आत्या.”

“फेटाळली म्हणजे होती.”

“होती.”

“मग झालं,” आत्या म्हणाली. “नेतात ते नेऊ देत. मी दिलं असं नको होतं.” मग उठून ती पिंपांना कोंडा घालायला गेली. अजून काही दिवस ओढा होता.

ओढा गेला तेव्हा भाची रजा काढून वर राहिली. रोज सकाळी दगड थोडे जास्त दिसायचे. आत्याने शेवटचं कापड धुतलं, मग पिंपांना खाणं घालायचं थांबवलं. पिंपं एकेक करून बसली. झाकणं तिने तरीही घातली. काही दिवसांनी ती खाली भाचीच्या खोलीत राहायला आली. तिथे रंगकाम जमण्यासारखं नव्हतं. गटारात नीळ सोडायला मनाई आहे, त्यालाही कायदा आहे, आणि तोही चांगलाच आहे.

नळाला रोज पाणी येऊ लागलं, वरच्या मजल्यावरच्या नळालाही. पहिल्या सकाळी नळ खोकला नाही. आत्याने खाली हात धरले, दोन बोटांमध्ये पाणी चोळून बघितलं आणि नळ बंद केला. आत्या दिवसभर कमीच बोलायची. जेवू का, जेवू. झोपू का, झोप. दिवा मालवू का, मालव. तिचे हात नखांच्या कडेपासून हळूहळू माणसाच्या रंगाचे व्हायला लागले होते आणि भाचीला ते बघवत नव्हतं.

एका सकाळी दोघी मोरीपाशी होत्या. आत्या नळाखाली भांडी धरत होती, भाची पुसून ठेवत होती. दारात घरमालकीण आली. पाणी आल्यापासून तिचा राग कधीच मावळला होता, पण तो मावळल्याचं सांगायला तिला निमित्त मिळत नव्हतं. तिच्या हातात बादली होती.

“आमच्या खालच्या नळाची चकती गेली हो,” ती म्हणाली. “आत्या, तुमच्या नळाला एक बादली लावली तर चालेल?”

चालेल. सुनावणीत साहेबांनी विचारलेला तोच शब्द होता. घरमालकिणीला आपण काय विचारलं त्याची कल्पना नव्हती, ती बादली पुढे धरून उभी होती. आत्याने मान वळवली आणि भाचीच्या हातांकडे पाहिलं. भाचीने फडकं खाली ठेवलं. दोन्ही ओले तळहात उघडून तिने आत्याला दिसतील असे धरले. त्यात काहीही नव्हतं, पेन्सिलसुद्धा नाही.

“हरकत नाही,” आत्या म्हणाली.

बादली तिने स्वतःच नळाखाली सरकवली आणि भरेपर्यंत तिची कडी धरून उभी राहिली.